नावाआधी काय लावायचं

पितळेची कंकोत्री भानुफोईंच्या पायाच्या अंगठ्यावर पडली, तिथेच खरं तर तो विषय संपायला हवा होता. पण व्रजलाल कंसाराचा स्वभाव असा, की वस्तू पायावर पडून माणूस कळवळला तर त्याला आधी ओतकामाचं कौतुक वाटतं. फोईंच्या अंगठ्याकडे न बघता त्याने पत्रा उचलला, उलटसुलट केला आणि सगळ्यांना दाखवला. "बघा, कोपरासुद्धा दुमडला नाही."

जामनगरच्या शंकर टेकरीतल्या त्याच्या कारखान्यात नळाच्या तोट्या आणि प्लगच्या पिना बनतात. अशा घरातल्या मुलीच्या लग्नाची कंकोत्री, लग्नपत्रिका, कागदावर छापायची म्हणजे खानदानाला बट्टा, असं त्याने दिवाळीतच जाहीर केलं होतं. म्हणून हा पत्रा. वर गणपती, खाली उठावदार अक्षरांत 'चार्मी' आणि 'मौलिक', आणि चारही कोपऱ्यांना भोकं, म्हणजे लग्न आटोपल्यावर पाहुण्यांना तो दारावर ठोकता येईल. आपल्या दारावर दुसऱ्याच्या मुलीचं नाव कोण ठोकून घेईल, असं त्याच्या बायकोने, प्रवीणाने, विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळायचं होतं.

"पप्पा, हे वाटलंत तर लोक लग्नाला यायच्या आधी भंगारवाल्याकडे जातील," चार्मी म्हणाली. "मला साधा कागद हवाय. हातकागद. त्यावर एक फूल."

"एक?" व्रजलालने विचारलं. मुलीच्या लग्नात एक फूल हा आकडा त्याला अशुभ वाटला.

दिग्विजय प्लॉटमधल्या त्या घराचा दिवाणखाना रविवारच्या जेवणानंतर कंकोत्र्यांनी भरून गेला होता. झोपाळ्यावर, टीपॉयवर, टीव्हीवर, जिथे जागा मिळेल तिथे मधुकांतभाई कार्डवाल्याने नमुने मांडले होते. उघडल्यावर शहनाई वाजणारी होती, आत सुकामेव्याचे खण असलेली होती, दिवा लागणारी होती. दिवा लागणाऱ्या कंकोत्रीचा सेल संपला होता, त्यामुळे तिच्यातला गणपती अंधारातच बसला होता. चार दिवसांनी कमुरता लागत होतं. त्या महिन्यात आमच्याकडे कुणी शुभकार्याला हात लावत नाही, म्हणून पहिली कंकोत्री आजच लिहायची असं घरच्या भटजींनी, गोरबापांनी, सांगून ठेवलं होतं. पहिली गणपतीची. तिच्यावर घरातल्या थोरल्या सवाष्णीने कुंकू शिंपडायचं आणि मगच बाकीच्या छापायला द्यायच्या. कुंकवाची वाटी प्रवीणाने सकाळीच भिजवून देव्हाऱ्यापुढे ठेवली होती.

कार्ड कुठलं याचा निकाल तासाभरात लागला. म्हणजे चार्मीने हातकागद घेतला, व्रजलालने गणपतीची सोंड तरी पितळेची असावी अशी तडजोड मागितली आणि मधुकांतभाईंनी दोघांनाही हो म्हटलं. ते कुणालाही हो म्हणत. मग त्यांनी दुसरी बॅग उघडली. नवरा-नवरीच्या नावांची पहिली इंग्रजी अक्षरं, सी आणि एम, वेलबुट्टीत गुंफून त्यांनी एक चिन्ह करून आणलं होतं, आणि ते कशाकशावर उमटवता येईल ते सांगत होते. मुखवासाच्या डब्या, पाण्याच्या बाटल्या, हातरुमाल, मंडपाचा पडदा, आइस्क्रीमच्या काड्या. नवरदेवाच्या मोजडीच्या तळव्यावरसुद्धा.

"नवऱ्याच्या जोड्याखाली माझ्या भाचीचं अक्षर?" भानुफोई अंगठा चोळता चोळता म्हणाल्या. "ते तर तसंही तिथेच जाणार आहे. आधीपासून छापून कशाला द्यायचं?"

मधुकांतभाईंनी मोजडीचा नमुना बॅगेत परत टाकला.

भानुफोई ही घरातली सगळ्यात मोठी लेक, व्रजलालची थोरली बहीण, चार्मीची आत्या. नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. राजकोटला मुलाकडे राहायच्या आणि माहेरात लग्न निघालं की आठवडाभर आधी पोचून कोठाराच्या किल्ल्या कमरेला लावायच्या. त्यांच्या परवानगीशिवाय त्या घरातल्या लग्नात वेलचीचा दाणाही बाहेर पडला नव्हता. घरच्यांना वाटायचं, फोईंना हुकूमत गाजवायची हौस आहे.

"आता मजकूर," मधुकांतभाई म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

इथे सगळे एकदम कचोरी खायला लागले.

मजकूर म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी व्रजलालच्या थोरल्या मुलाचं, परागचं, लग्न झालं, त्या कंकोत्रीत निमंत्रकांच्या ओळीत पहिलं नाव होतं श्री रमणीकलाल त्रिभोवनदास कंसारा. व्रजलालचा थोरला भाऊ. त्याच्याखाली अ. सौ. रसीलाबेन रमणीकलाल. तिसरं व्रजलालचं. आणि गंमत अशी, की हे पहिलं नाव ज्याचं होतं तो गृहस्थ परागच्या लग्नाच्या कितीतरी आधी शिवरात्रीच्या मेळ्याला म्हणून जुनागढला गेला होता आणि परत आलाच नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, वर्तमानपत्रात फोटो झाला, तीन ज्योतिषी झाले. पहिला म्हणाला उत्तरेला आहे, दुसरा म्हणाला पाण्याजवळ आहे, तिसरा म्हणाला आहे. त्यानंतर घरच्यांनी विचारणं सोडून दिलं. मांडवात मात्र येणारा प्रत्येक पाहुणा व्रजलालला विचारत होता, "रमणीकभाई दिसत नाहीत कुठे?" आणि व्रजलाल, मुलाचा बाप, स्वतःच्या खर्चाने घातलेल्या मांडवात उभा राहून हजर नसलेल्या माणसाच्या वतीने हात जोडत होता.

या वेळी त्याला ते नको होतं. त्याने वेगळ्या कागदावर मजकूर तयार ठेवला होता. वरच्या कोपऱ्यात कमळाच्या चित्राशेजारी दिवंगत वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद असतात, तिथे आईवडिलांच्या पंगतीत 'स्व. रमणीकलाल'. खाली निमंत्रकांत पहिलं नाव श्री व्रजलाल. आणि त्यानंतर कुठेतरी, गं. स्व. रसीलाबेन.

गं. स्व. म्हणजे गंगास्वरूप. विधवेच्या नावाआधी आम्ही ती दोन अक्षरं लावतो. नदीचा मान द्यायचा आणि मांडवाबाहेर बसवायचं.

मधुकांतभाईंनी ते वाचलं आणि पेन हातातच ठेवून दाराकडे बघितलं, कारण रसीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकवाचा मोठा चांदलो, हातावर सांडलेलं दूध. तिने सगळ्यांना चहा दिला. व्रजलालच्या बशीत तो थोडा सांडला.

"द्या इकडे, काय लिहिलंय ते," भानुफोईंनी कागद ओढून घेतला. वाचला. मग तो चहाच्या बशीखाली ठेवला आणि बशी दाबली. "माझा भाऊ मेला, हे तुला कुणी कळवलं?"

"बेन, कायदासुद्धा म्हणतो," व्रजलालने सुरुवात केली. "सात वर्षं माणूस सापडला नाही की..."

"कायद्याला बहीण असती तर तो असं म्हणाला नसता."

व्रजलालने बायकोकडे बघितलं. इतर वेळी प्रवीणा नवऱ्याची री कधी ओढायची नाही, पण आज तिने ओढली. व्याह्यांनी दोनदा विचारलंय, ती म्हणाली, की तुमच्या मोठ्या भावांचं नक्की काय. त्यांच्याकडे भावनगरला सगळं रीतसर लागतं. एकदाचं काय ते लिहून टाकावं, म्हणजे तोंडं बंद होतील.

हे ती म्हणाली ते खोटं नव्हतं, पण मनात वेगळंच होतं आणि ते तिला स्वतःलाही फारसं आवडत नव्हतं. या घरात धाकटी सून म्हणून आल्यापासून तिच्या वाट्याला पहिली कुठलीच गोष्ट आली नव्हती. लोणच्याच्या बरणीत पहिलं मीठ रसीलाचं. दिवाळीचा पहिला दिवा रसीलाचा. चार्मी झाली तेव्हा प्रवीणाला विषमज्वर झाला, आणि पोरीला पहिले सहा महिने छातीशी धरलं तेही रसीलानेच. पोरगी अजून ठेच लागली की आधी "भाभू" म्हणते, मग आई आठवते. आपल्याकडे मोठ्या काकूला भाभू म्हणतात. प्रवीणाला कधीकधी वाटायचं, या घरात आईलाच काहीतरी वेगळं म्हणतात. देव्हाऱ्यापुढच्या वाटीतलं कुंकू पहिल्या कंकोत्रीवर कुणी शिंपडायचं, एवढाच प्रश्न होता. रसीला जर गंगास्वरूप, तर थोरली सवाष्ण प्रवीणा. एकदा, फक्त एकदा, आपल्या मुलीच्या लग्नात आपला हात पहिला.

"आणि मंडपात भाभू कुठे बसणार?" चार्मीने विचारलं. सी-एमचा नमुना तिने खाली ठेवला होता.

"बसेल की. पहिल्या रांगेत सोफा टाकू," व्रजलाल म्हणाला.

"आईबरोबर कोण येणार मला मांडवात घेऊन? माझ्या हातात नारळ कोण देणार?"

यावर व्रजलालने कचोरीचा मोठा तुकडा तोंडात घातला. जामनगरच्या सुक्या कचोरीचा हा एक मोठा फायदा आहे. ती चावत असताना माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

भानुफोई मात्र थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परागच्या वेळी होतं तेच छापा. श्री रमणीकलाल पहिला, अ. सौ. रसीला दुसरी. ज्याला विचारायचं असेल तो विचारेल. मढं बघितल्याशिवाय त्या भावाला कमळाच्या फुलात बसवणार नव्हत्या. आणि रसीलाने अजून वटसावित्री सोडली नव्हती, दर जेठाच्या पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत होती, तिच्या कपाळाचं कुंकू एका छापखान्यात पुसणारा हा व्रजू कोण?

"वटसावित्री करते, ठीक आहे," व्रजलालचा घास संपला होता. "पण मग मी दरवर्षी..." आणि त्याने बशी तोंडाला लावली.

"दरवर्षी काय?"

"काही नाही."

"व्रजू."

तो लहानपणी बहिणीच्या या आवाजाला चड्डीत मुतायचा. आता साठी उलटली होती, तरी त्याने चहाची बशी खाली ठेवली. शेवटी निघालंच. धंद्यात मंदी आली होती, त्या वर्षी कुणीतरी सांगितलं की घरातल्या एका अतृप्त माणसाचा अडथळा आहे. तेव्हापासून भाद्रपदात तो थोरल्या भावाचं श्राद्ध घालत होता. घरात सांगायचा, वडिलांच्या कुणा चुलत्याचं आहे.

एकाच घरात एक बाई नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास करत होती आणि एक माणूस त्याच नवऱ्याच्या नावाने कावळ्यांना दूधपाक-पुरी घालत होता. आणि दूधपाक तरी कोण करत होतं?

सगळ्यांनी रसीलाकडे बघितलं.

"मला माहीत होतं," रसीला म्हणाली. ती दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर बसली होती. "गोरबापा पोटात काही ठेवतात का? पहिल्याच वर्षी सांगितलं त्यांनी. म्हणून मी साखर कमी घालायचे."

"तुला माहीत होतं, आणि तू नवऱ्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक केलास?" फोईंना आता कुणावर चिडावं ते कळेना. "अगं, तुला काही वाटलं नाही? जिवंत माणसाचं श्राद्ध म्हणजे आयुष्य तोडणं."

"त्याने काही झालं नाही त्यांना. पोट सुटलंय आता."

हे वाक्य तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की मधुकांतभाईंनी ते मजकूर समजून लिहायला घेतलं. दोन शब्द लिहून त्यांचं पेन थांबलं. चार्मी उठली आणि येऊन भाभूच्या मोड्याशेजारी खाली बसली.

रसीलाला हे सांगायचं नव्हतं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, आणखी पंचवीस वर्षं सांगितलं नसतं. पण व्रजलालभाईंच्या कागदावर एक होतं आणि मोटीबेनच्या, म्हणजे फोईंच्या, तोंडी दुसरं. त्यातलं एक छापून आलं की ती चार्मीच्या मांडवातून उठणार होती, आणि दुसरं छापून आलं की आज ना उद्या कुणीतरी त्या पहिल्या नावाला शोधायला निघणार होतं. कुठलं जास्त वाईट, याचा हिशोब ती चहा गाळताना करत होती आणि तो जमत नव्हता. दूध त्यामुळेच सांडलं.

तिने सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी ती महिला मंडळाबरोबर गिरनारच्या परिक्रमेला गेली होती. दुसऱ्या दिवशी माळवेलाला अन्नक्षेत्रात जेवायला रांगेत उभी होती. खिचडी वाढणारा एक, शाक वाढणारा दुसरा, आणि कढीच्या पातेल्यामागे रमणीकलाल. भगवं नाही, जटा नाही. बनियन, गमछा आणि हातात डाव.

"नक्की तोच?" व्रजलालने विचारलं.

"डाव्या कानामागचा मस कुठे जाणार?"

"काय बोलला?"

"म्हणाले, बा, ताट पुढे करा." रसीलाच्या ओठांवर काहीतरी हललं. "माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे आहेत, आणि मला एखाद्या म्हातारीसारखं बा म्हणाले. मग वर बघितलं. ओळखलं. हात थांबला. मग कढी वाढली, जास्तच वाढली, आणि माझ्या मागच्या बाईला म्हणाले, चला चला, रांग अडवू नका."

"आणि तू?"

"मी रांग अडवली नाही."

मग प्रवीणा बोलली, आणि जे बोलली ते तिला स्वतःलाही अपेक्षित नव्हतं. "वाढत होते? ते?" तिने विचारलं. "घरात कधी पाण्याचा पेला उचलला नाही त्यांनी."

तिला भिंत आठवली होती. स्वयंपाकघराची, चुलीसमोरची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात रमणीकलालचं ताट त्या भिंतीवर गेलं होतं, कारण डाळीत गूळ जास्त होता. पुढे कधी पोळी जाड म्हणून, कधी पातळ म्हणून, कधी काहीच कारण नाही म्हणून. मारत नव्हता, ओरडत नव्हता. ताट फेकायचा आणि हात धुवायचा. रसीला खाली बसून भांडी गोळा करायची आणि प्रवीणा ओल्या फडक्याने भिंत पुसायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. तो जुनागढला गेला त्यानंतर कितीतरी महिने रसीला वाढताना ताटाच्या कडेला हात धरून ठेवायची, सवयीने.

"रसीला," भानुफोई रडत होत्या, आणि रडता रडता चप्पल शोधत होत्या, "अगं, एवढी वर्षं मी नवस बोलतेय. माझा भाऊ तीन तासांवर कढी वाढतोय आणि तू मला सांगितलं नाहीस? व्रजू, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

"बेन, परिक्रमा कार्तिकात असते. आता तिथे कोण सापडणार?" व्रजलाल म्हणाला. दुपारपासून भावाला मारायला निघालेला हा माणूस आता तो जिवंत निघाल्यावरही त्याला आणायला फारसा उत्सुक दिसत नव्हता. थोरला परतला तर कारखान्यात कुणाची खुर्ची कुठे, हेही त्याला दिसत असावं. "आणि ते सुखात आहेत. सेवा करतायत. सेवेत विघ्न कशाला?"

"तू गप्प बस. तू त्याला कावळ्यांना घातलास." फोईंना एक चप्पल सापडली होती. "रसीला, तू बोल. का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना घरी आणलं असतं."

फोई तशाच एका पायात चप्पल घालून उभ्या राहिल्या.

"आणि वड?" त्यांनी शेवटी विचारलं. "सात जन्म हाच नवरा म्हणून दोरा गुंडाळतेस ना?"

"दोरा गुंडाळते. मनात म्हणते, आहेत तिथे त्यांना सुखी ठेव. आणि तिथेच ठेव."

चार्मी खुदकन हसली आणि लगेच तिने भाभूच्या मांडीत तोंड लपवलं. रसीलाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मधुकांतभाईंकडे वळली. तिचं ठरलं होतं. "गं. स्व. लिहा, मधुकांतभाई. व्रजलालभाईंच्या कागदावर आहे तसंच. त्यांचं नाव पहिलं, आणि वर कमळात हे. छापून आलं की कुणी शोधायला जाणार नाही."

"जिवंत नवऱ्याची विधवा होशील?" फोईंनी विचारलं.

"होईन. त्याची भीती कमी वाटते मला."

व्रजलालला हवं ते सगळं मिळालं होतं आणि त्याला मान वर करवेना. प्रवीणाने देव्हाऱ्याकडे बघितलं. वाटी तिथेच होती, आता ती तिचीच होती, आणि तिला तिच्याकडे बघवेना. "भाभी, नको," ती म्हणाली. "मी ती भिंत पुसलीय. मला नको असलं पहिलेपण."

पण सगळ्यात जास्त चिडल्या त्या भानुफोई. त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला फेकली आणि रसीलासमोर येऊन बसल्या.

"त्याची भीती कमी वाटते? तुला काय माहीत ती दोन अक्षरं काय करतात? मला विचार. चौतिसाव्या वर्षी माझ्या नावाआधी लागली. त्यानंतर या घरात सहा लग्नं झाली, आणि सहाही लग्नांत मी काय बघितलं? कोठार. हातात हात देतात त्या हस्तमेळापाच्या वेळी बाहेर ढोल वाजतो आणि मी आत साखरेच्या गोण्यांवर बसून ऐकते. दर वेळी तुम्हीच येता, फोई, किल्ल्या घ्या, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार. मला किल्ल्या आवडतात असं वाटतं तुम्हाला?"

असंच वाटत होतं सगळ्यांना. व्रजलालच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्याने पितळेचा पत्रा हातात घेऊन त्यावरची गणपतीची सोंड तपासली.

"म्हणून मी म्हणत होते, भाऊ जिवंत आहे," फोईंचा आवाज आता खाली आला. "तो येईल म्हणून नाही गं. तो कसला येतो. तू माझ्या शेजारी त्या गोण्यांवर येऊन बसू नयेस म्हणून."

रसीलाला रडू आलं ते इथे. कढीच्या पातेल्यासमोर आलं नव्हतं, श्राद्धाच्या दूधपाकासमोर आलं नव्हतं. या बाईला ती इतकी वर्षं घाबरत आली होती.

चार्मीने उठून मधुकांतभाईंच्या हातातून कागद घेतला. जरा वेळ वाचला. मग त्यांचंच पेन घेऊन तिने खोडायला सुरुवात केली. आधी गं. स्व. गेलं. मग अ. सौ. गेलं. मग श्री. मग स्वतःच्या नावाआधीचं चि. मग कमळातलं सगळ्यात शेवटचं नाव.

"माझा श्री कशाला?" व्रजलाल कळवळला.

"कुणालाच काही लावायचं नाही. नुसती नावं. वयाने जो मोठा तो आधी."

मधुकांतभाईंनी घसा साफ केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात आपण असा मजकूर छापलेला नाही, ते म्हणाले, आणि ही कंकोत्री न दिसता मतदारयादी दिसेल. शिवाय वयानेच लावायचं तर पहिलं नाव फोईंचं येतं, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या कंकोत्रीत निमंत्रक म्हणून सगळ्यात वर, हे समाजात कुणी ऐकलेलं नाही. लोक फोन करून विचारतील.

"विचारू देत," प्रवीणा म्हणाली. "या वेळी विचारायला निदान हजर माणूस आहे." तिने देव्हाऱ्यापुढची वाटी आणली आणि, क्षणभर थांबून, रसीलापुढे ठेवली.

रसीलाने ती भानुफोईंकडे सरकवली.

फोईंनी हात मागे घेतला. पदराखाली घातला. मग व्रजलालकडे बघितलं, की तो काही म्हणतो का. व्रजलाल, ज्याचं नाव दुपारच्या चहाला पहिलं होतं आणि आता तिसऱ्यावर आलं होतं, पत्रा खाली ठेवून म्हणाला, "शिंपड ना, बेन. मुहूर्त टळतोय."

"मला आता जमणार नाही. हात विसरला."

"मलाही कुठे माहीत आहे, नावाआधी काही नसलं की कसं शिंपडतात," रसीला म्हणाली. "दोघी मिळून करू."

दोघींनी बोटं एकदमच बुडवली, आणि अंदाज चुकून गणपतीच्या कंकोत्रीवर इतकं कुंकू पडलं की त्यातलं निम्मं मधुकांतभाईंच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. त्यांनी हातकागदाचा नमुना पुढे केला आणि विचारलं, नावांचं अक्षर कसं हवं, नाजूक की वळणदार.

भानुफोईंनी ओलं लाल बोट कागदावरच्या पहिल्या ओळीवर टेकवून दाखवलं.

"बाकीच्यांची नाजूक घ्या," त्या म्हणाल्या. "माझं ठळक. कोठाराच्या दारातून वाचता आलं पाहिजे."